कालाकुंड ते पातालपानी: चोरल नदीच्या खोऱ्यातून घाटमाथ्यापर्यंतची एका दिवसाची चाल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरत आला की इंदूरच्या मराठी घरांतून या वाटेबद्दल विचारणा सुरू होते. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते विचारले जातात त्याच शब्दांत येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे. या खोऱ्यातला प्रत्येक निर्णय पाण्यावर अवलंबून असतो आणि ते पाणी डोळ्यांना न दिसणाऱ्या पठारावरून येते. त्यामुळे वेळ कमी असेल तर प्रश्न ८ आणि ९ तेवढे आधी वाचावेत.

१. ही वाट नेमकी कुठून सुरू होते आणि कुठे संपते?

वाट विंध्याच्या पायथ्याशी, चोरल नदीच्या काठी असलेल्या कालाकुंड गावापासून सुरू होते आणि खोऱ्यातून उत्तरेकडे चढत पातालपानीच्या घाटमाथ्यावर संपते. पातालपानीला चोरल नदी पठार सोडून सुमारे ३०० फूट खाली कोसळते, तेथून दरीतून वाट काढत कालाकुंडाला येते आणि पुढे बडवाहाजवळ नर्मदेला मिळते. आपण या प्रवाहाच्या उलट दिशेने चालतो. याच दरीच्या कडेने जुनी मीटर गेज रेल्वे घाट चढते. रुळांनी हे अंतर साडेनऊ किलोमीटरच्या आसपास भरते, पण पायवाट वळणे घेत जात असल्यामुळे अकरा ते बारा किलोमीटर धरून चालावे. एकूण चढ दोनशे मीटरच्या थोडा पुढे जातो.

२. याला घाट म्हणतात, पण दोन डोंगरांमधली खिंड कुठेच दिसत नाही. मग माथा आला हे ओळखायचे कसे?

येथे दोन शिखरांमधून जाणारी खिंड नाही. विंध्याचा दक्षिणेकडचा चेहरा म्हणजे माळव्याच्या पठाराची तुटलेली कड आहे. निमाडच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या नर्मदाखोऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो डोंगर दिसतो आणि इंदूर-महूच्या बाजूने आले तर सपाट शेतांनंतर एकदम दरी समोर येते. ही कड लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांची, म्हणजे बेसाल्टची आहे. कठीण थर उभा कडा धरून राहतो आणि त्याखालचा मऊ थर झिजत जातो, त्यामुळे दरी पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते. चालताना दम लागणारा चढ, मग बराच वेळ सपाटी, मग पुन्हा चढ असा जो अनुभव येतो, त्याचे कारण हेच आहे.

झाडी विरळ होऊन काळ्या मातीची शेते दिसू लागली की माथा आला असे समजावे. खरी जलविभाजक रेषा मात्र पातालपानीच्या आणखी उत्तरेला, महूच्या पठारावर आहे. तिच्या पलीकडे पडलेला पाऊस इंदूरच्या खान आणि सरस्वती या नद्यांतून क्षिप्रेला, तेथून चंबळ, यमुना आणि गंगेतून बंगालच्या उपसागराला मिळतो. अलीकडे पडलेला पाऊस चोरल आणि नर्मदेवाटे अरबी समुद्रात जातो. इंदूरच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून पंपांनी याच विंध्याची उंची चढवून आणले जाते, हे लक्षात घेऊन ही दरी पाहिली तर तिची उंची वेगळी भासते.

३. बहुतेक मंडळी पातालपानीहून खाली कालाकुंडाला उतरतात. तुम्ही उलट, खालून वर चालायला का सांगता?

याची तीन कारणे आहेत आणि तिन्ही आम्ही गंभीरपणे मानतो. पहिले असे की नदीपात्राला खेटून जाणारा भाग खालच्या टप्प्यात येतो. पावसाळ्यात गडगडाटी पाऊस बहुधा दुपारनंतर होतो, त्यामुळे हा भाग सकाळी, पाणी स्थिर असताना पार झालेला बरा. दुसरे असे की पाणी जास्त दिसले तर कालाकुंडाला परत फिरणे सोपे असते. वरून उतरून आलेला गट मात्र शेवटच्या ओलांडणीपाशी, म्हणजे नदी पार करण्याच्या जागेपाशी, अडकतो आणि थकलेल्या पायांनी पुन्हा सगळा चढ चढण्यापेक्षा पाण्यात उतरण्याचा मोह त्याला होतो. तिसरे असे की ओल्या बेसाल्टवर चढताना घसरण्याची भीती उतरण्यापेक्षा कमी असते.

वरून खाली येणाऱ्यांना धबधबा आधी पाहायला मिळतो आणि चढही लागत नाही, हे खरे आहे. डिसेंबरनंतर, पात्रात पाणी फार उरलेले नसताना, तशी चाल करायला हरकत नाही.

४. किती वेळ लागतो? पूर्वी कधी डोंगर चढलेला नसेल तर जमेल का?

सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि चढाच्या प्रत्येक सहाशे मीटरला एक तास जास्त, हा चालण्याचा जुना हिशेब लावला तर ही वाट तीन तासांत संपायला हवी. प्रत्यक्षात गोटे, चिखल, गटाची थांबणी आणि ओलांडणीपाशी घालवलेला वेळ धरून सहा तास मोकळे ठेवावेत. रोज तासभर झपझप चालणाऱ्या निरोगी माणसाला ही वाट जमते. दोर किंवा गिर्यारोहणाचे तंत्र तिला लागत नाही. मात्र ओल्या दगडांवर तोल सांभाळण्याची सवय नसेल, तर पहिली चाल पावसाळा संपल्यावरच करावी.

५. पुण्याहून येणारे आमचे नातेवाईक सह्याद्रीत नेहमी चालतात. त्यांच्या दृष्टीने हा घाट किरकोळ आहे का?

उंचीच्या हिशेबाने त्यांना तो नक्कीच सोपा वाटेल, कारण सह्याद्रीच्या अनेक वाटा एका दमात याच्या तिप्पट चढतात. त्यांनी दोन गोष्टी मात्र वेगळ्या धराव्यात. सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा सोंडेवरून किंवा धारेवरून चढतात, तर ही नदीच्या सोबतीने चढते आणि त्यामुळे तिचा धोका उंचीत नसून पाण्यात आहे. दुसरे म्हणजे येथील हवा. ऑक्टोबरच्या दुपारी दरीत वारा पडतो आणि तापलेला बेसाल्ट उष्णता परत फेकतो, म्हणून समुद्राच्या वाऱ्याची सवय असलेल्यांनी जवळ पाणी थोडे जास्तच ठेवावे.

६. कोणत्या महिन्यात जावे?

आमची पसंती सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच्या काळाला आहे. इंदूर भागात मान्सून साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस परततो. तो परतल्यावर धबधब्याला पाणी असते, गवत हिरवे असते आणि पात्र ओलांडण्याजोगे झालेले असते. डिसेंबर आणि जानेवारीत सकाळी दरीत चांगली थंडी असते. चालायला हा उत्तम काळ आहे, पण धबधबा बारीक होत गेलेला असतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पळस फुलतो आणि सागाची पाने गळून दरीचे दगडी अंग उघडे पडते. ज्यांना भूगर्भात रस आहे, त्यांनी याच दिवसांत जावे. एप्रिल ते जून येथे चालू नये, कारण पारा चाळिशीपलीकडे जातो आणि सावली देणारी झाडे तेव्हा बहुतांशी निष्पर्ण असतात.

जुलै आणि ऑगस्ट हे सर्वांत सुंदर महिने असतात आणि सर्वांत जास्त आग्रह त्यांचाच होतो. त्या काळात खोऱ्यातल्या वाटेला आमचा सरळ नकार आहे. हिरवाई पाहायची असेल तर प्रश्न १० मधील रेल्वेचा पर्याय घ्यावा.

७. सगळे रुळांवरूनच चालतात. ते चालते ना?

नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. या घाटात चार बोगदे आहेत, तीव्र वळणे आहेत आणि पुलांवर बाजूला होण्यास जागा नाही. ब्रॉड गेज मार्गाच्या कामासाठी २०२३ मध्ये महूपुढची नियमित मीटर गेज वाहतूक थांबली. तेव्हापासून हा मार्ग बंदच आहे, असा समज पसरला आहे, पण तो चुकीचा आहे. पर्यटकांसाठीची हेरिटेज गाडी (प्रश्न १०) याच रुळांवरून धावते आणि तिच्याखेरीज देखभालीची वाहने केव्हाही येऊ शकतात. अधिकृत फाटक किंवा गावकऱ्यांची नेहमीची ओलांडण्याची जागा असेल तेथेच, दोन्हीकडे पाहून, रूळ पार करावेत. आणीबाणीचा अपवाद प्रश्न २१ मध्ये आहे.

८. आकाश निरभ्र आहे, दरीत थेंबही पडलेला नाही. मग अचानक पूर कसा येतो?

या वाटेबद्दल एकच उत्तर वाचायचे असेल तर ते हे वाचावे. चोरलच्या पाण्याचा मोठा हिस्सा वरच्या पठारावर गोळा होतो. महूच्या बाजूला तासभर जोराचा पाऊस झाला आणि कालाकुंडावर ऊन असले, तरी ते पाणी दरीतूनच खाली येणार. वरचा ढग पठाराच्या कडेमागे असतो, म्हणून दरीतल्या माणसाला तो दिसत नाही आणि धबधब्याच्या आवाजात गडगडाटही ऐकू येत नाही.

यात मातीचाही भाग आहे. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि जूनचा पहिला पाऊस त्या भेगांत मुरतो. पाणी प्यायल्यावर ही माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर पडलेले बहुतेक पाणी वरून वाहून जाते. म्हणूनच जूनच्या अखेरीस ज्या पावसाने नदीला जेमतेम रंग येतो, तितकाच पाऊस ऑगस्टमध्ये पात्र भरून टाकतो. गेल्या महिन्यात एवढ्याच पावसात आम्ही सुखरूप गेलो होतो, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

जुलै २०११ मध्ये पातालपानीला धबधब्याच्या माथ्यावर उभे असलेले पर्यटक अशाच अचानक वाढलेल्या प्रवाहात सापडले, वाहून गेले आणि त्यांतल्या काहींचा मृत्यू झाला. पाणी वाढू लागल्यापासून पाय उचलले जाईपर्यंत किती थोडा अवधी मिळतो, हे इंदूरने तेव्हा पाहिले.

पुढील खुणा दिसताच काठ सोडून थेट वर चढावे: स्वच्छ पाणी गढूळ होणे, काड्या आणि पालापाचोळा वाहत येणे, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसणे, वरच्या बाजूने सलग घरघर ऐकू येणे. खाली पळू नये, कारण पाणीही त्याच दिशेने येत असते. सामान आणायला परत फिरू नये.

९. पात्र ओलांडायचे की नाही, हे जागेवर कसे ठरवावे?

पोहोचताच पाण्याच्या कडेला, जेथे पाणी दगडाला टेकते, तेथे एक काडी रोवावी आणि पंधरा मिनिटे बसावे. पाणी काडीवर चढले तर ओलांडू नये. स्थिर असेल तर खोली पाहावी. वाहते पाणी गुडघ्याच्या वर असेल, किंवा तळ दिसत नसेल, तर मागे फिरावे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायांवरचा रेटा चौपट होतो, म्हणून केवळ उंचीवर विसंबू नये.

जागा निवडताना अरुंद भाग टाळावा. पात्र रुंद असते तेथे पाणी उथळ आणि संथ असते. खाली लगेच धबधबा, डोह किंवा अडकलेले ओंडके असतील तर ती जागा सोडून द्यावी. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडावा, म्हणजे पडल्यास पिशवी टाकून देता येते. बूट पायातच ठेवावेत, काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवावी, तोंड वरच्या बाजूला ठेवून आडवे सरकावे आणि तिघांनी एकमेकांचे खांदे धरावेत. दोर शरीराला कधीही बांधू नये, कारण पाय निसटला तर तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

गटातल्या एकाने नको म्हटले की सर्वांनी परतावे, हा नियम इंदूरहून निघण्याआधीच सर्वांना सांगून ठेवावा.

१०. कालाकुंडाला जायचे कसे? हेरिटेज गाडी चालेल का?

रस्त्याने इंदूर-खंडवा मार्गावर सिमरोल आणि भेरूघाट ओलांडून चोरल गावाला यावे आणि तेथून आत कालाकुंडाकडे वळावे. आतला रस्ता अरुंद असून पावसात काही ठिकाणी त्यावर पाणी येते. शेवट पातालपानीला होत असल्याने गाडी चालकासह महूमार्गे वर मागवावी किंवा सर्वांनी भाड्याच्या वाहनाने यावे.

महू ते कालाकुंड ही हेरिटेज गाडी २५ डिसेंबर २०१८ रोजी सुरू झाली. ती ठरावीक हंगामात आणि ठरावीक वारीच धावते, म्हणून दर वर्षीचे वेळापत्रक रेल्वेकडून पाहून घ्यावे. ती सकाळी उशिरा निघून कालाकुंडाला दुपारी पोहोचत असल्यामुळे चालीच्या सुरुवातीसाठी उपयोगाची नाही. ज्यांना चालणे शक्य नाही, त्यांच्यासाठी मात्र ती फार चांगली सोय आहे. खिडकीतून धबधबा, बोगदे आणि दरी दिसते, आणि कालाकुंडाला पानावर मिळणारा तेथला प्रसिद्ध कलाकंदही खाता येतो.

११. या रेल्वेशी होळकरांचा काय संबंध आहे?

हा मार्ग होळकरांच्या पैशातून झाला. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० च्या सुमारास ब्रिटिश सरकारला यासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. त्याची मुदत १०१ वर्षे आणि व्याज साडेचार टक्के होते. खंडव्याहून निघालेली ही होळकर स्टेट रेल्वे १८७८ मध्ये इंदूरला पोहोचली. पातालपानी-कालाकुंड हा तिचा सर्वांत अवघड तुकडा होता. येथे दर ४० मीटरला १ मीटर असा चढ आहे आणि त्यासाठी वर चढणाऱ्या गाड्यांना मागून दुसरे इंजिन लावावे लागे. नदीने कोरलेली दरी हीच त्या काळच्या अभियंत्यांना माळव्यात शिरण्याची वाट म्हणून वापरावी लागली. खालून वर चालताना रुळांची रेघ डोक्यावर कधी जवळ, कधी दूर दिसत राहते आणि डोंगराशी जुळवून घेत तिने धरलेला चढ स्पष्ट वाचता येतो.

१२. वाटाड्या घ्यावाच लागतो का?

पहिल्या खेपेला घ्यावाच. आखलेली, खुणा केलेली अशी एक वाट येथे नाही. गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटा एकमेकींत मिसळतात आणि पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात त्या लपतात. शेवटचा टप्पा विशेष फसवा आहे. नदीच्या तळातून सरळ चालत गेले तर धबधब्याचा उभा कडा समोर येतो आणि तेथून वर निघता येत नाही. माथ्यावर जाणारी वाट त्याआधीच पात्र सोडून उतारावर वळते. ते वळण कालाकुंडच्या माणसाला डोळे झाकून सापडते. मोबदला आधी ठरवावा, परतीच्या प्रवासाचा खर्च त्यात धरावा आणि त्याने पाणी पाहून नाही म्हटले तर त्याच्याशी वाद घालू नये.

१३. बरोबर काय घ्यावे?

माणशी तीन लिटर पाणी, खोल खाचांच्या तळव्याचे बूट, काठी, टोपी, शिट्टी, विजेरी, प्रथमोपचाराचे साहित्य आणि मोबाईलसाठी पाणी न शिरणारी पिशवी एवढे हवेच. जीन्स घालू नये. ती भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटते. डब्यात दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे असे न सांडणारे पदार्थ ठेवावेत. निघताना पोहे-जिलेबी पोटभर खाण्याची इंदुरी सवय त्या दिवशी अर्ध्यावर आणावी, कारण तळलेले आणि गोड खाऊन पहिला चढ जड जातो.

१४. नदीचे पाणी प्यावे का? डोहात पोहता येईल का?

वरच्या पठारावर वस्ती, शेती आणि गुरे असल्यामुळे पाणी उकळल्याशिवाय किंवा क्लोरीनच्या गोळीने शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. डोहात उतरू नये. बेसाल्टमधले डोह काठापासून एकदम खोल होतात, कडा शेवाळलेल्या असतात आणि खाली अडकलेली लाकडे दिसत नाहीत.

१५. जंगलात जनावरे आहेत का? साप चावला तर काय करावे?

या भागात बिबट्याचा वावर आहे आणि २०२३ मध्ये महू परिसरात वाघही दिसला होता. दिवसाउजेडी, गटाने आणि बोलत चालणाऱ्यांच्या वाटेत ही जनावरे सहसा येत नाहीत. पहाटेच्या अंधारात आणि सूर्यास्तानंतर दरीत असू नये. माकडांना खाऊ घालू नये. कड्यांवर आग्या मधमाशांची पोळी असतात, त्यामुळे तेथे धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरड टाळावी.

साप चावल्यास तो भाग हलू देऊ नये, अंगठ्या आणि घट्ट कपडे काढावेत आणि माणसाला चालवण्याऐवजी उचलून न्यावे. जखम कापणे, चोखणे आणि दोरीने आवळून बांधणे या तिन्ही गोष्टी घातक आहेत. १०८ वर रुग्णवाहिका मागवावी आणि प्रतिविष मिळणाऱ्या रुग्णालयात, म्हणजे महूला किंवा थेट इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयात न्यावे.

१६. आई-बाबा सत्तरीचे आहेत आणि मुलगा आठ वर्षांचा आहे. तिघांना नेता येईल का?

मुलगा चालणारा असेल तर नोव्हेंबरनंतर न्यावा, आणि ओलांडणीपाशी त्याला दोन मोठ्यांच्या मध्ये ठेवावे. आई-बाबांच्या बाबतीत वयापेक्षा गुडघे आणि हृदय पाहावे. मधेच त्रास झाला तर दरीत वाहन पोहोचत नाही आणि माणसाला उचलूनच बाहेर काढावे लागते. आम्ही सहसा असे सुचवतो की त्यांनी वाहनाने पातालपानीला यावे, कठड्याच्या आतून धबधबा पाहावा आणि चालत वर येणाऱ्यांची तेथे भेट घ्यावी.

१७. श्रावणी सोमवारचा उपवास असेल तर? मधुमेह असेल तर?

श्रावण बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये येत असल्यामुळे, प्रश्न ६ प्रमाणे, त्या काळात खोऱ्यात जाणेच नको. नवरात्राचे उपवास मात्र चालीच्या हंगामात येतात. निर्जळी किंवा एकभुक्त उपवासात चालू नये. फराळ करणाऱ्यांनी राजगिऱ्याची वडी, खजूर, केळी आणि मीठ-साखरेचे पाणी थोड्या थोड्या वेळाने घ्यावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालीच्या दिवसाची मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी, साखर खिशात ठेवावी आणि आपल्याला मधुमेह आहे हे सोबत्याला सांगून ठेवावे.

१८. विजा चमकू लागल्या तर झाडाखाली थांबावे का?

थांबू नये. वीजपाताच्या बळींमध्ये मध्य प्रदेश देशात सतत वरच्या क्रमांकांत असतो आणि त्यांतले बरेच जण उघड्यावर किंवा झाडाखाली असतात. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून माथा आणि एकटे झाड सोडावे, एकमेकांपासून अंतर ठेवून सखल पण प्रवाहाबाहेरच्या जागी उकिडवे बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तसेच थांबावे. वीज म्हणजे वरच्या बाजूला पाऊसही आहे, म्हणून त्यानंतर प्रश्न ९ मधील काडीची चाचणी नव्याने करावी.

१९. वाटेत लष्कराची हद्द लागते का? आणि मुक्काम करता येईल का?

महू ही लष्करी छावणी आहे आणि आसपास गोळीबाराच्या सरावाची क्षेत्रे आहेत. पातालपानीहून पुढे पठारावर भटकायचे असेल तर लाल निशाण किंवा सूचनाफलक दिसताच मागे फिरावे आणि जमिनीवर पडलेला कोणताही धातूचा तुकडा हातात घेऊ नये. ड्रोन उडवू नये.

मुक्कामासाठी वन विभागाची परवानगी लागते आणि भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार आरक्षित वनात आग पेटवणे गुन्हा आहे. नदीकाठच्या वाळूवर तंबू ठोकण्याची कल्पना तर प्रश्न ८ वाचल्यावर मनातून काढून टाकावी.

२०. ४ डिसेंबरला सुट्टी जुळवली आहे. त्या दिवशी पातालपानीला गर्दी असते असे ऐकले, ती कशासाठी?

तो टंट्या भिल्ल यांचा बलिदानदिन आहे. सावकार आणि इंग्रजी सत्ता यांच्याशी लढलेल्या या निमाडच्या भिल्ल वीराला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी देण्यात आली. येथील लोक त्यांना टंट्या मामा म्हणतात. पातालपानी स्थानकाजवळ त्यांचे मंदिर आहे आणि तेथून जाणाऱ्या गाड्या त्यांच्या मानासाठी थांबत असत. त्या दिवशी निमाड आणि झाबुआकडून हजारो आदिवासी बांधव येतात आणि रस्त्यांवर वाहनांना जागा नसते. चाल करायचीच असेल तर वाहन महूला ठेवावे आणि मंदिरापाशी सहलीच्या थाटात वागू नये. आमच्या मते मात्र त्या दिवशी चाल न करता केवळ दर्शनाला यावे.

२१. मधेच पाणी वाढले, मागची आणि पुढची दोन्ही ओलांडणी बंद झाली, आणि वर रूळ हीच एक कोरडी जागा दिसत असेल तर?

जीव आधी. उतार चढून पाण्यापासून जितके वर जाता येईल तितके जावे आणि तेथेच थांबावे. दरीतला असा लोंढा पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत ओसरतो. रुळांपर्यंत पोहोचलात तर त्यांच्या बाजूला, कड्यापासून आणि रुळांपासून दूर उभे राहावे, ११२ वर कळवावे आणि रेल्वेचा कर्मचारी भेटल्यास त्याला सगळे स्पष्ट सांगावे. बोगद्यात किंवा पुलावर, मदत समोर दिसत असली तरी, शिरू नये. हा अपवाद अडकलेल्या माणसासाठी आहे. निघतानाच रूळ हा परतीचा मार्ग धरून आखलेल्या बेताला तो लागू होत नाही.

दरीत मोबाईलला सगळीकडे रेंज मिळत नाही. म्हणून घरी कोणाला तरी निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ आणि वाटाड्याचा क्रमांक लिहून द्यावा, आणि ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर त्यांनी ११२ वर कळवावे असे सांगून ठेवावे.

२२. रात्री पाऊस झाला, पण सकाळी स्वच्छ ऊन आहे. बेत रद्द करावा का?

पाऊस कोठे झाला हे आधी विचारावे. इंदूरमध्ये पडलेला पाऊस बहुतांशी क्षिप्रेकडे जातो, म्हणून आपल्या अंगणातले डबके पाहून निर्णय घेऊ नये. महूला कोणी नातेवाईक असेल तर त्यांना आणि कालाकुंडच्या वाटाड्याला फोन करावा. महूला रात्रभर पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकलावा. हलकी सर येऊन गेली असेल तर कालाकुंडापर्यंत जावे, पहिल्या ओलांडणीपाशी काडी रोवून पाहावे आणि तेथे ठरवावे.

२३. प्रशासनाने पातालपानीच्या धबधब्याजवळ जाण्यास मनाई केली असेल, तर ही वाटही बंद समजायची का?

मनाई बहुधा धबधब्याचा माथा, कुंड आणि कठड्यापलीकडचा भाग यांच्यापुरती असते आणि वाटेचा शेवट त्यांना वळसा घालून करता येतो. तरीही अशी मनाई पावसाच्या इशाऱ्यामुळे लागू झाली असेल, तर ज्या पाण्यासाठी वर मनाई आहे तेच पाणी खाली आपल्या वाटेत येणार आहे, म्हणून त्या दिवशी चाल करू नये. कारण गर्दी, बांधकाम किंवा कड्याची दुरुस्ती असे असेल, तर महूच्या प्रशासनाकडे किंवा वन विभागाकडे विचारून घ्यावे आणि माथ्यावरचा शेवटचा भाग गावाच्या रस्त्याने पूर्ण करावा. डिसेंबरमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे असा वळसा घ्यायचा असेल त्या दिवशी कालाकुंडाहून सकाळी आठपर्यंत निघालेले असावे.